पडद्याआडचा गळा

2012 सालच्या उन्हाळ्यांत लंडन शहरीं एका नाटकगृहांत बसून पावसांत भिजण्याचा योग आम्हांस आला. नाटकगृहास छप्पर होतें, तें गळत नव्हतें, आणि बाहेर त्या दिवशीं चांगलें ऊन पडलें होतें. पाऊस होता तो रंगभूमीवर. नायक डबक्यांतून नाचत होता, पायानें पाणी उडवीत होता, व त्याचे शिंतोडे पुढच्या रांगांतील प्रेक्षकांच्या अंगावर येत होते. आमच्या कन्येनें हौसेनें पुढचीं तिकिटें काढलीं होतीं. आम्ही भिजलों, शेजारची एक इंग्रज आजीबाई भिजली, आणि ती लहान मुलीसारखी खिदळूं लागली. आम्हीहि हंसलों. परंतु त्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकांत असा एक प्रवेश आला कीं, आमचें हंसें तेथेंच थांबलें, आणि पन्नास वर्षांपूर्वींच्या आपल्या शाळेच्या एका स्नेहसंमेलनांत मन जाऊन बसलें.

वार्षिकाच्या संपादकांनीं ‘कांहीं तरी लिहाच’ म्हणून आग्रह केला आहे. माजी विद्यार्थ्यानें आपल्या वेळची शिस्त व आपल्या वेळचा अभ्यास यांची थोरवी गावी, ही रूढि आम्हांस ठाऊक आहे. ती मोडल्याबद्दल क्षमा असावी. पुढें जें लिहीत आहों त्यांत आमची थोरवी कोठेंहि नाहीं.

त्या नाटकाचें नांव ‘सिंगिंग इन द रेन’. नाटकावरून चित्रपट निघतो, हें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. येथें उलट घडलें. आधीं बोलपट, मग नाटक. अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें हा बोलपट 1952 सालीं काढला. त्याचे निर्माते आर्थर फ्रीड हे पूर्वीं गीतकार होते. त्यांनीं व संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउन यांनीं बोलपटांच्या पहिल्या उमेदीच्या काळांत केलेलीं गाणीं कंपनीच्या संग्रहीं होतीं. तीं गाणीं घ्या व त्यांभोंवतीं एक कथा विणा, असें काम बेटी कॉम्डेन व अडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाकडे सोंपविण्यांत आलें. म्हणजे बटनें आधीं, आणि मग त्यांना शोभेल असा अंगरखा! त्या दोघांनीं विचार केला कीं, गाणीं ज्या काळचीं, कथाहि त्याच काळची असावी. अशा रीतीनें मूकपट जाऊन बोलपट आला त्या 1927 सालच्या धांदलीवर ही विनोदी कथा रचिली गेली. दिग्दर्शन जीन केली व स्टॅन्ली डोनन या दोघांनीं मिळून केलें, आणि नायकहि जीन केली हेच होते. पावसांतला तो जगप्रसिद्ध नाच नाचले तेव्हां त्यांच्या अंगांत सणसणून ताप होता.

कथा थोडक्यांत सांगतों. डॉन लॉकवुड हा मूकपटांचा लाडका नट. लीना लॅमॉन्ट ही त्याची नेहमींची नायिका. लीनाचें रूप देखणें, चाहते अमाप. पण तिनें तोंड उघडलें कीं पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. मूकपटांत हें कोणास कळण्याचें कारण नव्हतें. 1927 सालच्या ऑक्टोबरांत ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट निघाला, लोक त्यावर तुटून पडले, आणि कथेंतील कंपनीच्या मालकास आपलाहि चालूं मूकपट बोलका करण्याची घाई झाली. मग काय विचारतां! मायक्रोफोन झुडपांत लपवावा, तर लीना मान इकडून तिकडे वळविते व अर्धें वाक्य हवेंत जातें. तिच्या पोशाखांत शिवावा, तर संवादाऐवजीं तिच्या हृदयाची धडधड ऐकूं येते. पहिल्या चांचणीच्या खेळांत तर चित्र व ध्वनि यांची फारकत होऊन खलपुरुषाच्या तोंडून नायिकेचा आवाज निघूं लागतो. प्रेक्षक हंसतात, कंपनी बुडण्याची वेळ येते. तेव्हां नायकाचा मित्र कॉस्मो एक युक्ति सुचवितो. कॅथी सेल्डन नांवाची एक होतकरू नटी आहे, तिचा गळा गोड आहे; तिनें आडून बोलावें व गावें, आणि लीनानें समोर उभें राहून ओंठ हलवावे.

आम्हांस ही युक्ति नवी नव्हती. ती आमच्याकडून करविली गेली होती.

गोष्ट 1962 सालच्या जानेवारींतील आहे. आम्ही त्या वेळीं चवदा वर्षांचे होतों. दिवाळीनंतर आमच्या संगीतशिक्षकांनीं स्वतः रचिलेली एक लहानशी संगीत नाटिका बसविण्यास घेतली, व तींतील वनवासी राजपुत्राची भूमिका आम्हांस दिली. त्या वेळीं आमचा गळा बरा होता, उंची होती, आणि खोटा विनय सोडून सांगावयाचें तर रूपहि बरें होतें. पोशाख पुण्याहून भाड्यानें आणावयाचा ठरला, व शिंप्याकडून आमचें माप घेऊन तें टपालानें धाडण्यांत आलें. पुढें नाताळची सुटी लागली. सुटी संपवून आम्ही परत आलों तों आमचा आवाज फुटलेला! वरच्या सुरांत जावें तों मध्येंच कोंबडा आरवल्यासारखा ध्वनि निघे. सगळा वर्ग हंसे. गुरुजी मात्र हंसले नाहींत. संमेलन पंधरा दिवसांवर आलें होतें, पोशाखाचें भाडें भरून झालें होतें, आणि निमंत्रण-पत्रिका छापून आल्या होत्या.

आमच्याच बांकावर बसणारा एक मित्र होता. त्याचा गळा असा होता कीं, सकाळच्या प्रार्थनेंत तो गाऊं लागला म्हणजे आजूबाजूचीं मुलें आपला आवाज आपोआप खालीं आणीत. परंतु तो ठेंगणा व अंगानें भरलेला. राजपुत्राचा अंगरखा त्याच्या खांद्यांवरून खालीं उतरेना. शिवाय चार माणसांसमोर उभें राहिलें कीं त्याचे पाय लटपटत. गुरुजींनीं तोड काढली. मित्रानें डाव्या विंगेंत पडद्याआड उभें राहून गावें, आम्हीं समोर अभिनय करावा, आणि या कानाची गोष्ट त्या कानाला कळूं नये.

प्रयोगाच्या रात्रीं मंडप भरून गेला होता. पुरुषांच्या बाजूस पुढें आमचे वडील बसले होते. पहिलें पद सुरू झालें. मित्राच्या श्वासाबरोबर आम्ही श्वास घेत होतों, त्याच्या तानेबरोबर हात फिरवीत होतों. पद संपलें आणि सारा मंडप ‘वन्समोअर, वन्समोअर’ म्हणून गरजूं लागला. आम्हांस भान राहिलें नाहीं. ऑर्गनवर सूर वाजतांच आम्हीं तोंड उघडलें, आणि गळा मात्र आंत तांब्यानें पाणी पीत होता! क्षण दोन क्षण आम्ही तसेच तोंड वासून उभे. गुरुजींनीं ऑर्गनवर तोच सूर लांबविला. तेवढ्यांत पडद्याआडून पद उठलें. पुढच्या रांगेंतील एक रसिक गृहस्थ मान डोलवून म्हणाले, ‘‘वाहवा! आधीं नुसता भाव, मग सूर!’’

अखेरीस पाहुण्यांच्या हस्तें आम्हांस पदक मिळालें. त्यावर ‘उत्कृष्ट गायनाबद्दल’ अशीं अक्षरें होतीं. गुरुजींनीं दुसरीकडे पाहिलें. मित्र मागें पडद्याच्या दोऱ्या गुंडाळीत होता. घरीं परततांना टांग्यांत वडील बराच वेळ गप्प होते. ते मुळांतच अबोल. मग एवढेंच म्हणाले, ‘‘तुझा गळा आजोबांवर गेला आहे.’’ आजोबा कीर्तनांत उत्तम साथ करीत असत. आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्या वेळीं बोललों असतों तर गोष्ट तेथेंच मिटली असती. आमचे वडील 1979 सालीं वारले. तोंवर आल्यागेल्यास ते तें पदक दाखवीत.

पुढें कॉलेजांत असतां, 1968 सालीं, मुंबईस सकाळच्या खेळाला हा बोलपट आम्हीं प्रथम पाहिला. त्याचा शेवट असा आहे. नवा बोलपट यशस्वी होतो. प्रेक्षक लीनास प्रत्यक्ष गाऊन दाखविण्याचा आग्रह करितात. ती पडद्यापुढें उभी राहते व कॅथी पडद्यामागें. गाणें रंगांत येतें आणि नायक, त्याचा मित्र व कंपनीचा मालक असे तिघे मिळून पडद्याची दोरी ओढतात. पडदा वर जातो. दोघी एकामागें एक उभ्या असलेल्या साऱ्या जगाला दिसतात. आमच्या शेजारीं बसलेले सोबती हंसून हंसून लोळत होते. आम्ही खुर्चीचा हात घट्ट धरून बसलों होतों. पाठीमागें कोणी तरी दोरी ओढीत आहे, असें वाटत होतें.

त्यानंतर या बोलपटाविषयीं जें मिळेल तें आम्ही वाचूं लागलों, व एक विलक्षण गोष्ट कळली. कॅथीचें काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्स त्या वेळीं अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. कथेंत कॅथी लीनाला गळा उसना देते. परंतु ‘वुड यू?’ या गाण्यांत जो गळा आपण ऐकतों तो ना कॅथीचा, ना लीनाचा. तो बेटी नॉइस नांवाच्या तिसऱ्याच गायिकेचा आहे, आणि बोलपटाच्या नामावळींत तिचें नांव नाहीं. आणखी मौज म्हणजे, कॅथी लीनाचे संवाद म्हणत आहे असें जेथें दाखविलें आहे, तेथील आवाज लीनाचें काम करणाऱ्या जीन हेगन यांचाच आहे. हेगनबाईंचा खरा आवाज भरदार व सुरेख होता. तो चिरका आवाज ही त्यांची कारागिरी. त्या भूमिकेसाठीं ऑस्कर पारितोषिकाच्या स्पर्धेंत त्यांचें नांव लागलें होतें. आडून गाणाऱ्या मुलीस न्याय मिळवून देणारा हा बोलपट, आणि त्याच्याच आड एक गायिका निनांवी राहून गेली.

आपल्याकडे तरी निराळें काय घडलें? मास्टर दीनानाथ मंगेशकर हे बळवंत संगीत मंडळीच्या रंगभूमीवर उभे राहून, कधीं स्त्रीवेषांतहि, स्वतःच्या गळ्यानें गात. प्रेक्षक ज्यास पाहत त्यासच ऐकत. त्यांच्या कन्या लताबाई यांच्या वाट्यास पडद्यामागची जागा आली. 1949 सालच्या ‘महल’ बोलपटांत मधुबाला दिसल्या, गाणें लताबाईंचें होतें, आणि त्या गाण्याच्या तबकडीवर गाणारीचें नांव म्हणून ‘कामिनी’ असें छापलें होतें. कामिनी हें कथेंतील पात्र! ‘फिल्मफेअर’ची पारितोषिकें 1954 पासून मिळूं लागलीं, परंतु पार्श्वगायनास त्यांत जागा झाली ती 1959 सालीं. तें पहिलें पारितोषिक लताबाईंनाच मिळालें, हें लिहितांना आजहि बरें वाटतें.

असो. नाटकाकडे वळूं. या बोलपटाचें नाटक प्रथम 1983 सालीं लंडनच्या पॅलेडियम नाटकगृहांत झालें. टॉमी स्टील हे त्यांत नायक होते. 1985 सालीं न्यूयॉर्कलाहि तें आलें, पण तेथें वर्षभरच टिकलें. आम्हीं पाहिला तो प्रयोग जोनाथन चर्च यांनीं बसविलेला. 2011 सालीं चिचेस्टर येथें सुरू होऊन तो पुढच्या वर्षीं लंडनच्या पॅलेस नाटकगृहांत आला होता. ती वास्तु 1891 सालची, लाल विटांची, मोठी भारदस्त. नायकाचें काम ॲडम कूपर करीत; ते मूळचे बॅले-नर्तक. हल्लीं गाजलेल्या चित्रपटांवरून संगीत नाटकें करण्याची तेथें टूमच निघाली आहे. तिकिटें खपण्याची हमी हें त्याचें एक कारण उघड आहे, आणि पुष्कळदा तेवढेंच कारण असतें. ‘ज्यांना चित्रपट पाहावयाचा त्यांनीं घरीं पाहावा, त्यासाठीं एवढे पैसे कां मोजावे?’ असें आम्ही कन्येला म्हणालोंहि होतों.

मध्यंतरापूर्वींच आम्ही आपले शब्द गिळले. संगीत बोलपटांत गाणें आधीं मुद्रित करितात, आणि मग चित्रण होतांना नट स्वतःच्याच गाण्यालाहि नुसते ओंठ हलवितो. चुकलें तर पुन्हां घेतां येतें. नाटकांत ती सोय नाहीं. नायकाला त्याच पावसांत, त्याच ओल्या फळ्यांवर, रोज रात्रीं नाचावें लागतें व गावें लागतें, आणि पाय घसरला तर तो हजार माणसांसमोर घसरतो. (मायक्रोफोन तेथेंहि असतो, परंतु आतां तो नटाच्या केसांत दडतो. झुडपांत लपविण्याचे दिवस गेले.) शेवटच्या प्रवेशांत तर हा भेद स्पष्ट जाणवतो. बोलपटांत कॅथी गळा देते तो खोटाच. येथें लीना पुढें उभी, आणि तिच्या मागें आठ-दहा पावलांवर एक जिवंत मुलगी आपल्या छातींतला श्वास खर्च करून गात आहे. बोलपटानें जें नुसतें सांगितलें तें नाटकाला करून दाखवावें लागलें.

परंतु आमचें हंसें थांबलें तें या प्रवेशानें नव्हे. त्या आधीं एक लहानसा प्रवेश आहे. तो बोलपटांत मुळींच नाहीं. बोलपटांतल्या लीनाला स्वतःचें एकहि गाणें नाहीं. नाटकांत तें दिलें आहे. चाल ब्राउनसाहेबांचीच, दुसऱ्या एका जुन्या बोलपटांतील. कॅथरिन किंग्स्ली या नटी लीनाचें काम करीत होत्या. लीना एकटीच उभी राहते व आपल्या त्या चिरक्या आवाजांत, आपल्यांत असें काय उणें आहे, हें विचारते. लोक हंसतात, आणि हंसावें अशीच योजना आहे. ती कांहीं साधीभोळी नव्हे. कॅथीला जन्मभर पडद्याआड डांबून ठेवण्याचा तिचा डाव असतो, व नाटकानें तो लपविलेला नाहीं. पण रूपाबरोबर गळाहि असलाच पाहिजे असें जगानें धरून चालावें, आणि तो नसल्याचें आपल्याला स्वतःला ठाऊक असावें, ही अवस्था तीहि भोगीत असते. चव्वेचाळीस वर्षें आम्ही ज्या बाईकडे पाहण्याचें टाळीत होतों ती आमच्यापासून चार हातांवर उभी होती. कन्येनें विचारलें, ‘‘बाबा, काय झालं?’’ शिंतोडे उडाले म्हणून सांगितलें. त्या प्रवेशांत पाऊस नव्हता.

भारतांत परतल्यावर जुन्या पेटींतून पदक शोधून काढलें व मित्राच्या गांवीं गेलों. तो वीज-मंडळांतून निवृत्त होऊन घरीं असतो. एकादशीच्या भजनांत गातो, असें त्याच्या पत्नीनें सांगितलें. ‘‘पण बसतात नेहमीं मागच्या ओळींत,’’ असेंहि ती म्हणाली. चहा आला. आम्हीं पदक त्याच्यापुढें ठेवलें व म्हणालों, ‘‘हें तुझं आहे. उशीर झाला.’’

त्यानें चष्मा पुसला, पदक हातांत तोललें, नखानें खरवडून पाहिलें. ‘‘अरे, हें रुप्याचं कुठलं? जर्मन सिल्व्हर आहे हें.’’

आम्हांस हंसूं आलें. मग त्या रात्रीविषयीं विचारलें. वाईट वाटलें होतें का, म्हणून.

‘‘मला? मला सुटल्यासारखं झालं होतं. तिथं पुढं उभं राहायचं म्हणजे मेलों असतों मी,’’ तो म्हणाला. मग थोडा थांबून, ‘‘आई आली होती. बायकांच्या बाजूला अगदीं शेवटीं बसली होती. गुरुजींनीं शपथ घातली होती, म्हणून मी घरीं अवाक्षर काढलं नव्हतं. रात्रीं भाकरी वाढतांना म्हणाली, वन्समोअरच्या वेळेला ठसका लागला होता का रे?’’

त्याची आई त्यानंतर फार वर्षें जगली. आम्ही त्यांच्या घरीं कितीदां तरी जेवलों होतों. त्या माउलीनें आम्हांस एका शब्दानेंहि कधीं विचारलें नाहीं.

बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. नंतर त्यानें आम्हीं आणलेली लंडनची नाटक-पुस्तिका ओढून घेतली. पावसांतल्या नाचाचें चित्र तो निरखून पाहूं लागला.

‘‘पाणी खरंच पाडतात?’’

‘‘खरंच. मी भिजलों ना.’’

‘‘मग रंगमंच वाळवतात केव्हां?’’

पाऊस पहिल्या अंकाच्या शेवटीं ठेविला आहे, मध्यंतरांत तें काम उरकतात, असें आम्हीं सांगितलें.

‘‘म्हणजे आंत माणसं बरीच लागत असणार,’’ तो म्हणाला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर त्या माणसांचीं नांवें बारीक टाइपांत छापिलेलीं होतीं. पदक बशीशेजारीं तसेंच ठेवून त्यानें पुन्हां चष्मा पुसला, आणि बोट ठेवून तो तीं एकेक नांवें वाचूं लागला.